ओट्यावर कोणीही चढू नये

सरकारी मालमत्तेत भूत निघालं, तर ते कोणत्या रजिस्टरला चढवायचं याबद्दल एकही परिपत्रक नाही. मी शोधलं. जडवस्तू नोंदवहीत ते बसत नाही, कारण ते जड नसतं. नाशवंत मालातही बसत नाही, कारण नासायचं ते आधीच नासून झालेलं असतं. शेवटी मी 'इतर' या रकान्यात पेन्सिलीनं एक टिंब काढून ठेवलं. त्या टिंबाबद्दल अजून कोणी विचारलेलं नाही, पण उत्तर मी तयार ठेवून आहे.

ही गोष्ट १९८३च्या उन्हाळ्यातली. लातूर जिल्हा होऊन वर्षही भरलं नव्हतं. नवा जिल्हा झाला की वर्तमानपत्रात फितीचा आणि कात्रीचा फोटो येतो, पण जिल्हा खरा होतो तो वाटणीत. भाऊ-भाऊ वेगळे निघाल्यावर घंगाळावरून जे होतं, ते दोन जिल्ह्यांत कपाटांवरून झालं. टेबलं वाटली, पंखे वाटले, एका भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक त्यांच्याकडं आणि घड्याळ आमच्याकडं आलं. आमच्या कार्यालयात (कोणतं ते सांगत नाही, माणसानं जपून असावं) भांडाराचा कनिष्ठ लिपिक म्हणून यादीवर खुणा करायला मी होतो. मी म्हणजे लिंबाजी सोनकांबळे. यादीत पान सातवर एक ओळ होती: 'हौद, लोखंडी, गोल, सुटा, नग एक.' ती आमच्या वाट्याला आली. त्याखालच्या दोन ओळी, 'पंप, विजेचा, नग एक' आणि 'शिडी, नग एक', जुन्या जिल्ह्याला गेल्या. कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण बेरीज जुळली होती.

माल उतरला तेव्हा कळलं, तो पोहायचा हौद होता. जमिनीत खणायचा नाही, जमिनीवर मांडायचा. चार फूट उंच पत्र्याचं कडं, आत निळ्या प्लास्टिकचा गिलाफ. कुण्या काळी कुण्या साहेबाला पोहायची हौस होती, तो साहेब बदलून गेला आणि हौस भांडारात राहिली. आमच्या नव्या कार्यालयाला तर भाड्याच्या तीन खोल्या. साहेब म्हणाले, "सोनकांबळे, तुमच्या अंगणात जागा आहे. तात्पुरता ताबा घ्या." सरकारी भाषेत तात्पुरतं म्हणजे काय, ते ज्यानं नोकरी केली त्याला सांगायला नको. मी सही केली.

मार्चमध्ये आळीतले दोन्ही हातपंप खरखरून थांबले. औसा रोडवरच्या आमच्या आळीत टँकर येऊ लागला. टँकरवाला पंधरा मिनिटांवर थांबायचा नाही, आणि त्या पंधरा मिनिटांत बादल्या, घागरी, डबे, शिव्या आणि एकदा एका बाईचं कानातलं, एवढं सगळं एकाच नळीखाली यायचं. तेव्हा शेजारचे धोंडप्पा, निवृत्त पुरवठा निरीक्षक, माझ्या अंगणातल्या पत्र्यांकडं बघत म्हणाले, "अय्यो सोनकांबळे, हौद घरात आन् आळी तहानलेली? मांडा की!" साहेबांनी तोंडी परवानगी दिली. तोंडी परवानगीचा गुण असा, की काही बिघडलं तर ती कोणी दिलेलीच नसते. रविवारी आळीनं मिळून बोल्ट आवळले आणि सोमवारी सकाळी टँकर त्यात रिता झाला. निळं, गोल, गार पाणी. लोक देवळात बघावं तसे बघत उभे होते. पाण्याला जात नसते, हे त्या उन्हाळ्यात सगळ्या आळीला एकदमच पटलं.

हौदाच्या कडेला, काठाच्या खाली, एक पेटी होती. हौदाची भिंत तिथं चौकोनी कापलेली, त्या खिडकीला आतून लोंबती झडप, आणि मागं बाहेर हातभर आलेला डबा, त्यात जाळीची टोपली. सोबतच्या इंग्रजी चोपड्यात तिचं नाव स्किमर. पंप सुरू झाला की पाणी त्या खिडकीतून पेटीत ओढलं जातं, पाण्यावरचा पालापाचोळा, किडा-मुंगी टोपलीत अडकते, असं तिचं काम. पंप नसेल तर पेटी नुसती पाण्यानं भरून राहते आणि झडप हलत नाही. हे चोपड्यात ठळक अक्षरांत होतं, म्हणून मी ते वाचून मराठीत उतरवून ठेवलं. ते कागद अजून आहेत माझ्याकडं.

शिडी जुन्या जिल्ह्यात गेलेली. चार फुटी कड्यावर पोट टेकून पाणी काढताना बायाबापड्यांचे हाल व्हायचे. त्यावर माझी माय, धुरपताबाई, एका संध्याकाळी म्हणाली, "लिंबा, वट्टा कर त्येच्या कडंनं. पायऱ्यांचा. कुनीबी चढावं आन् आपल्या हातानं घ्यावं, असा." माझ्या मायनं जन्मात काही मागितलेलं नव्हतं. दात पडले तेव्हा कवळी मागितली नाही, नजर अधू झाली तेव्हा चष्मा नाही. तिनं ओटा मागितला, तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी हनीफ मिस्त्रीला बोलावलं.

हनीफभाईंच्या तीन पिढ्या लातुरात रंधा मारण्यात गेलेल्या. लाकूड कुठून आणायचं हा प्रश्न आला, तेव्हा मला कार्यालयाच्या मागं पडलेले पॅकिंगचे खोके आठवले. नव्या जिल्ह्यासाठी टंकलेखन यंत्रं आणि कपाटं त्यात आली होती. पण खोका ही सुद्धा सरकारी मालमत्ता. मी अर्ज केला, अर्जाला नंबर पडला, नंबरावर शेरा आला, 'खोके का हवेत?' मी लिहिलं, 'शासकीय हौदाच्या संरक्षणार्थ.' मंजूर. त्यामुळं आमचा ओटा तयार होत गेला तसतशी त्यावर अक्षरं उमटत गेली. पहिल्या पायरीवर 'ही बाजू वर', तिसऱ्या फळीवर 'जपून, काच आहे' आणि टोकाला 'पावसापासून दूर ठेवा'. त्या वर्षी लातुरात ही शेवटची सूचना वाचून लोक हसायचे आणि मग गप्प व्हायचे.

अडचण पेटीची होती. फळ्या सरळ न्याव्यात तर ती मध्ये येत होती. हनीफभाई म्हणाले, "सायेब, उडवतो की हिला. धा मिंटाचं काम हाय."

"हनीफभाई, तो नग एक आहे. उडवला तर पाऊण नग होईल. मी कुठं दाखवू?"

"मंग?"

"पेटीभोवती खाच घ्या. वरून फळीचं झाकण करा. टोपली साफ करताना उघडायचं, एरवी बंद."

धोंडप्पांचं म्हणणं पडलं, की झाकण ईशान्येला उघडावं. समोरच्या घरातले पोस्टमन म्हणाले, झाकणच नको, घाण दिसत राहिली की माणूस सावध राहतो. पलीकडच्या गौरम्मांनी, त्या धोंडप्पांच्या बहीण, पेटीत तांब्याचा पैसा टाकायला सांगितला. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि हनीफभाईंनी कोणाचंच ऐकलं नाही, त्यामुळं काम बरं झालं. फळ्या कमी पडल्या म्हणून पायऱ्या दोनच झाल्या, त्याही गुडघाभर उंच. हनीफभाई बसायला एक खोका वापरत, तो पायरीच्या खाली तसाच राहिला, म्हणून बुटक्या माणसांचं भागत होतं.

आता मूळ गोष्टीकडं येतो. आतापर्यंत टाळत होतो.

हनीफभाई दुपारचं जेवण हौदाच्या सावलीला बसून करत. बाराला अंगणात कोणी नसायचं. उन्हानं पत्रा तडतड वाजायचा, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. तिसऱ्या दिवशी ते माझ्या कार्यालयात आले, हातात अर्धी भाकरी तशीच.

"सायेब, त्या पेटीचं फाटक हलून राहिलंय."

"वाऱ्यानं."

"वारा कुठं हाय? पानी आरशावानी थीर हाय. फाटक आत जातंय, भाईर येतंय. टप, टप. कुनी दार वाजवावं तसं. मी ईस वेळा मोजलं, मंग उठलो."

"मुंगूस असेल."

"पान्यात?" हनीफभाई म्हणाले, आणि भाकरी खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी झाकण बसवलं. बिजागरीला सात खिळे ठोकले. दुपारी जेवायला मी घरी आलो तर झाकण बाजूला होतं आणि सातही खिळे, एकही न वाकता, फळीवर ओळीनं उभे करून ठेवलेले. लेकरं खेळताना मांडतात तसे, लहान-मोठे बघून. हनीफभाईंनी ते परत ठोकले. परत उभे. तिसऱ्यांदा त्यांनी स्क्रू लावले आणि स्क्रूही तसेच ओळीनं मांडलेले सापडले, तेव्हा हनीफभाईंनी हत्यारं पिशवीत भरली. "तीस सालात माझ्या हातचा खिळा कुनी काढला न्हाई. हिला झाकन नको म्हनून राहिलीय, तर नका लावू." ती कोण, हे मी विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल असं वाटलं.

टोपली साफ करण्याचं काम मीच करत असे, कारण ताबा माझा. त्यात रोज एक पान निघायला लागलं. उंबराचं. धोंडप्पा म्हणाले, टँकर कुठल्यातरी विहिरीवर भरतो, पानं यायचीच. हे मला पटलं, आणि पटलं म्हणून बरंही वाटलं. पण टँकरवाला नळीला फडकं बांधायचा, आणि पान ताजं असायचं. देठाला पांढरा चीक. त्या वर्षी आमच्या चार कोसांत हिरवं म्हणावं असं फक्त कार्यालयाच्या भिंतीचा रंग होता.

मग एका दुपारी मी ओट्यावर पावलं बघितली. ओली पावलं, फळीवर, पेटीच्या उघड्या खाचेभोवती. माझ्या वितीपेक्षा लहान, अनवाणी, बोटं पसरलेली. उतरलेली कुठंच नव्हती, नुसती चढलेली. बेचाळीस अंशांत सांडलेलं पाणी डोळ्यांदेखत उडतं. ती पावलं मी घड्याळ लावून वीस मिनिटं बघत होतो आणि ती तशीच ओली होती. 'जपून, काच आहे' या अक्षरांवर एक टाच नीट उमटली होती.

मी मायला सांगितलं नाही. म्हातारीला कशाला घाबरवायचं. पण ती दारात येऊन बसलेलीच होती, हातात माझ्या टोपलीतलं उंबराचं पान घेऊन.

"आमच्या हिरीवरचं हाय ह्ये," ती म्हणाली.

"माय, पान पानासारखंच असतं."

"लिंबा, बस हितं." मी बसलो. "माझी मोठी भैन, सरजा. मी सा वर्साची, ती नवाची. लोह्याकडं आमच्या गावात दगडी वट्ट्याची हीर हुती, वर उंबर. आपन खाली हुभं ऱ्हायचं. वरून कुनी वतलं तर घागरीत घ्यायचं, न्हाई तर घरी जायचं. तवा असाच दुस्काळ. दुपारच्याला सरजा गेली, मी मागं. 'पानी वाढा वो माय' म्हनून लई हाका मारल्या. बाराचं ऊन. कुनीच न्हवतं. पोहरा भरून वट्ट्यावर ठिवला हुता कुनीतरी. तिचा हात पुरत हुता."

"मग?"

"तिनं हात केला. म्या वरडले. 'सरजे, लावू नगंस, मारतील.' तिनं हात मागं घेतला." माय पानाच्या देठाचा चीक अंगठ्यानं पुसत राहिली. "मंग ती थितंच खाली बसली. परत उठली न्हाई."

मी पंचेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकत होतो की मला एक मावशी होती.

"तिचा हात त्या पेटीपतुरच पुरतोय," माय म्हणाली. "काठावरून न्हाई पुरत. झाकन लावू नका. येवडंच करा."

आता माझी अडचण बघा. आमचं घर छप्पन सालापासून बुद्धाचं. पिंड द्यायचा नाही, श्राद्ध घालायचं नाही, भूतखेत मानायचं नाही, हे आळीत जयंतीच्या दिवशी भाषणात मीच सांगतो. धोंडप्पांना कुणकुण लागली तेव्हा ते म्हणाले, शांत करून घ्या, माझ्या ओळखीचे स्वामी आहेत. हनीफभाई म्हणाले, दर्ग्यावर एक चादर टाकू, मी घेऊन येतो. दोघांच्याही घरात या कामाचा विभाग होता. आमच्याकडं तो विभागच बंद केलेला. मी ठरवलं, झाकण लावायचं नाही, आणि हा विषय पुढं न्यायचा नाही. फाईल दाबून ठेवण्यात माझा हात कोणी धरत नव्हता.

तसं चाललंही असतं, पण धोंडप्पा हौदात पडले.

सकाळच्या गर्दीत ओट्यावर एका वेळी अकरा माणसं चढली, आणि धोंडप्पा, दोन्ही हातांत दोन बादल्या घेऊन, पाणी भरताना शिस्त कशी हवी ते मागं वळून सांगत होते. 'शिस्त' एवढा शब्द बाहेर आला आणि ते आत गेले. धोतर निळ्या पाण्यावर कमळासारखं पसरलं. बाहेर काढल्यावर ते पहिलं वाक्य बोलले ते, "लेखी तक्रार देणार." दिली. साहेबांचं पत्र आलं: 'हौदाच्या तात्पुरत्या ताबेदाराने ओट्यावरील गर्दीचे नियमन करावे. अनुचित प्रकार घडल्यास जबाबदारी आपली राहील.' शिवाय खोक्यांच्या हिशेबात एक नग कमी भरत होता, तो परत पाठवावा. पायरीखालचा हनीफभाईंचा खोका मी त्याच दिवशी कार्यालयात जमा केला आणि पोच घेतली.

रात्रभर बसून मी नियमावली केली. माझं अक्षर चांगलं आहे, भाषा त्याहून चांगली. एका फळीवर पांढऱ्या रंगात लिहिली:

'१. ओट्यावर कोणीही चढू नये. २. पाणी घेणाऱ्यांनी खाली उभे राहावे. ३. पाणी वरून ओतून देण्यात येईल. ४. हाका मारू नयेत. आपली पाळी येईपर्यंत थांबावे. हुकुमावरून.'

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी ओट्यावर उभा राहू लागलो. खाली रांग. एकेकाच्या भांड्यात मी वरून मगानं पाणी ओतायचो. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. धोंडप्पा खाली मान वर करून घागर धरून उभे, पोस्टमन उभे, गौरम्मा पदर सावरून उभ्या, आणि वर मी, सोनकांबळ्यांचा लिंबाजी. "सोनकांबळे साहेब, जरा जास्ती ओता," असं धोंडप्पा म्हणाले तेव्हा मी थोडा थांबून ओतलं. ते थोडं थांबणं मला दिवसभर गोड लागत राहिलं. आळी म्हणाली, आता कशी शिस्त आली. एका शेजाऱ्यानं तर साहेबांकडं माझी शिफारस केली.

मायनं त्या दिवसापासून हौदाचं पाणी प्यायचं सोडलं. "तहान न्हाई," म्हणायची. एप्रिलच्या उन्हात सत्तरीतल्या बाईला तहान नाही. बायकोनं तांब्या पुढं केला की ती तो बाजूला सारायची. तिसऱ्या दिवशी तिचे ओठ फाटले. मी डॉक्टरला बोलावलं, त्यानं पाणी जास्त प्यायला सांगितलं. मी मायवर ओरडलो. ती म्हणाली, "दुपारी बाराला घरी ऱ्हा एक दिस." दुसऱ्या दिवशी रविवार होता.

बाराला मी अंगणात गेलो. ऊन असं होतं की डोळ्यांसमोर सगळं पांढरं दिसायचं. ओटा कोरडा. पायऱ्या कोरड्या. नियमांची फळी खांबाला टांगलेली. पाणी थीर. मी सुटकेचा श्वास घेणार, तेवढ्यात खाली बघितलं.

पायरीच्या खाली, मातीत, दोन पावलं होती. शेजारी शेजारी, ओली, बोटं हौदाकडं. चाललेली नव्हती, उभी होती. मागं एकही पाऊल नव्हतं. माती इतकी तापलेली की माझ्या चपलेचा तळ चिकटत होता, आणि त्या दोन पावलांखाली चिखल झालेला. मी बघत असताना डाव्या पावलाची बोटं मातीत थोडी रुतली. टाचा उचलून कोणी वर बघावं तशी. पेटीची झडप गप्प होती. सगळं अंगण कान देऊन काहीतरी ऐकत असावं, इतकं गप्प.

"किती दिस झाले?" मी विचारलं. 

"चार," दारातून माय म्हणाली. "पाटी लागली तवापून. येती, हुभी ऱ्हाती, जाती. हाक बी मारीना."

"मला सांगायचं नाहीस?"

"तिला वाचता येत न्हाई. मलाबी न्हाई. पर काय लिवलंय ते तिला कळलंय. मला सांग. वाच."

"माय..."

"वाच, लिंबा. तुज्या हातचं अक्षर हाय नव्हं?"

मी वाचायला लागलो. पहिला नियम वाचला. दुसरा वाचताना 'खाली उभे' पर्यंत आलो आणि थांबलो. मी हे कोणाला वाचून दाखवतोय ते मला कळलं. मीच मांडलं होतं ते सगळं: वर उभं राहणं, वरून ओतणं, खालच्यानं थांबणं, हाका मारायची सुद्धा बंदी. मायच्या गावच्या विहिरीवर निदान हाका तरी मारू देत होते. इतकी वर्षं नोकरी केली, मुलांना शाळेत घातलं, जयंतीला भाषणं दिली, आणि पहिली संधी मिळाली तेव्हा मी तीच विहीर माझ्या अंगणात, सुवाच्य अक्षरात उभी केली. मला माझी एवढी लाज कधी वाटली नव्हती.

फळी मी खांबावरून ओढून काढली. तार हाताला लागली, रक्त आलं. फळी भिंतीपलीकडं फेकली. ती सरकारी खोक्याची होती, नग एक, फेकली.

मग मी त्या दोन पावलांपासून दोन हातांवर उभा राहिलो. नऊ वर्षांच्या पोरीला काय म्हणायचं हे सुचेना. नातं बघितलं तर ते ठरलेलंच होतं.

"मावशी," मी म्हणालो. "चढा."

पावलं हलली नाहीत.

"चढ गं, सरजे," माय म्हणाली.

पहिल्या पायरीच्या कडेला, फळीवर, ओल्या बोटांची खूण उमटली. पाच बोटं. मग ती घसरून खाली आली. पुन्हा उमटली, पुन्हा घसरली.

"पायरी उंच हाय तिला," माय म्हणाली. "खोका कुठं गेला?"

खोका कार्यालयात होता, पोच माझ्या खिशात होती. अंगणात दुसरं काही नव्हतं. एक पाट आत होता, पण पाट आणायला जावं आणि येईपर्यंत ती निघून जावी, याची मला भीती वाटली. तृतीय श्रेणी कर्मचारी, वय पंचेचाळीस, अंगात इस्त्रीचा सदरा. मी पायरीपाशी दोन्ही हात तापल्या मातीत टेकले आणि ओणवा झालो.

कितीतरी वेळ काही झालं नाही. तळहात भाजत होते. मग पाठीवर एक गारवा टेकला, मुठीएवढा. मग दुसरा. वजन असं नव्हतं, ओला टॉवेल पडावा इतकंच. मानेपासून पायापर्यंत माझ्या अंगावर काटा आला आणि दात वाजायला लागले, त्या उन्हात. मी हललो नाही. गारवा थोडा थांबला, जणू पुढं जावं की नाही असं कोणी विचार करत होतं, आणि मग पाठीवरून उचलला गेला. वर फळी वाजली. दोन पावलं, तीन. मग पेटीची झडप, टप.

नेमके तेव्हाच धोंडप्पा घरातून बाहेर आले. त्यांनी मला बघितलं. भर बाराला, रिकाम्या ओट्यासमोर, हातापायांवर ओणवा.

"अय्यो शिवा! सोनकांबळे साहेब, काय करून राहिलात?"

"पायरी आहे," मी मान न उचलता म्हणालो.

 धोंडप्पा माझ्या पाठीकडं बघत होते, आणि त्यांनी पायातल्या चपला काढून हातात घेतल्या.

वर पाण्याचा आवाज आला. ओंजळीनं पाणी घेतल्याचा, घशातून जाण्याचा, मग पुन्हा घेतल्याचा. घाईघाईनं, मागून कोणी ओढणार असल्यासारखा. माय दारातून उठून आली होती. दुखऱ्या गुडघ्यांनी तिला कसंबसं ओट्यापर्यंत आणलं होतं. ती माझ्या शेजारी उभी राहिली, एक हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि वर बघून म्हणाली, "दमानं पी गं, सरजे. आपलंच हाय."

ते आपलं नव्हतं, शासनाचं होतं, आणि माझ्याकडं फक्त तात्पुरत्या ताब्यात होतं. पण मी दुरुस्ती केली नाही. वरचा आवाज हळूहळू संथ झाला. मी तसाच ओणवा राहिलो, कारण तिला उतरायलाही पायरी लागणार होती. घाई काही नव्हती. रविवार होता.